विचारलं तर सांगायचं

बोट लिव्हरपूलच्या नदीत शिरायच्या आदल्या दिवशी शिवानं धर्मराजाला गाठलं. दोघेही एकाच बोटीवर खलाशी; दोर वळता वळता बोलणं होई.

"त्यानं विचारलं तर मी सांगनार," शिवा म्हणाला. "नाय विचारलं तर तोंड उघडनार नाय. पन विचारलं तर तू मधी पडायचं नाय, धर्मादादा."

धर्मराज कबूल झाला. आईला दिलेला शब्द एवढ्यानं मोडेल असं त्याला वाटलं नाही. सोनाबाईनं त्याला निघताना देवासमोर बसवून सांगितलं होतं, की विलायतेत शिकणाऱ्या धाकट्या जगनच्या कानावर वेणूचं काही जाता कामा नये. अजून एक वर्ष राहिलंय त्याचं. शिक्षण टाकून पोरगा धावत येईल आणि येऊन तरी कोणाला भेटणार? धर्मराजाला ते पटलं नव्हतं आणि नाकारताही आलं नव्हतं. बाप गेल्यापासून त्या घरात सोनाबाईचंच चाले.

वेणू ही जगनची बायको आणि शिवाची पाठची बहीण. वैशाखात मिठागरावर तिच्या टाचेत शिंपली घुसली. मिठाच्या पाण्यात राबणाऱ्यांचे पाय फाटलेलेच असतात, कोणी एवढंतेवढं मनावर घेत नाही. सोनाबाईनं हळद आणि तेल भरलं. पाऊस यायच्या आत मीठ उचलायचं होतं, म्हणून वेणू फडकं बांधून पुन्हा पाण्यात उभी राहिली. मग एका सकाळी तिचे दात वळले. धर्मराज तेव्हा रजेवर घरीच होता. त्यानं तिला पाठुंगळी घेऊन बांधावरून पनवेल गाठलं. तिथल्या डॉक्टरनं पाहिलं, धनुर्वात आहे, मुंबईला न्या म्हणाला. ठाण्याच्या वाटेवर मोटारीतच ती गेली. शिवा त्या वेळी समुद्रावर होता. तो जासईला घरी आला तेव्हा आई गुणाबाई नुसती त्याच्याकडे बघत राहिली, आणि धाकट्या शकूनं सगळं सांगितलं.

तेव्हापासून सहा महिने शिवा ते मनात घेऊन हिंडत होता. त्याला एक माणूस हवा होता, ज्याचंही तेवढंच गेलंय. धर्मराजाला हे कळत होतं. पण थोरल्या भावासमोर बायकोचं नाव काढायची त्यांच्याकडे रीत नव्हती. जगन लाजेल, विचारणार नाही, दिवस निघून जाईल आणि बोट सुटेल, असा त्याचा हिशेब होता.

बोट नदीपलीकडच्या गोदीत लागली. दुसऱ्या दिवशी दोघांना सुट्टी मिळाली. फेरीबोटीतून अलीकडे आले तर धक्क्यावर जगन उभा. गुडघ्याखाली जाणारा काळा कोट, डोक्यावर टोपी. भाऊ दिसताच तो पुढे आला आणि ओल्या फळ्यांवर वाकून धर्मराजाच्या बुटांना हात लावला. येणारी-जाणारी माणसं थबकून बघायला लागली. धर्मराजाला भरून आलं. हा पोरगा बदललेला नाही, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

जगननं वाटेत सगळ्यांची चौकशी केली. आय कशी आहे, गुडघे दुखतात का अजून. हौसावहिनी, मुलं. खाडीकडचा बांध उधाणात फुटला होता तो नीट बांधला का. पनवेलच्या बाजारात आता कोण कोण बसतं. मग शिवाकडे वळून गुणाबाईची विचारपूस केली, शकू आता ओळखू येणार नाही म्हणाला. शिवा एकेकाचं उत्तर देत होता आणि प्रत्येक उत्तरानंतर थोडा थांबत होता. जगन पुढच्या माणसावर जाई. असं करत करत गावातली माणसं संपली आणि त्यानं बोट वर करून मनोऱ्यावरचे दोन तांब्याचे पक्षी दाखवले.

शहर काळं होतं. दगड काळे, भिंती काळ्या, धुक्यालासुद्धा कोळशाचा वास. धर्मराज जगातली पुष्कळ बंदरं फिरला होता, पण गोदीच्या फाटकापासून कधी फार आत गेला नव्हता. जगन त्यांना बसच्या वरच्या मजल्यावर घेऊन बसला, रस्त्यांची नावं सांगत राहिला. टेकडीवर ख्रिस्ती लोकांचं एक भलंमोठं देऊळ बांधत होते. हे आपल्या जन्माच्या आधीपासून बांधतायत, जगन म्हणाला, अजून पुरं झालेलं नाही. पुढे एका चढावर दुसरं देऊळ होतं. त्याला चारी भिंती होत्या, वर आभाळ. लढाईत बाँब पडला होता.

"दुरुस्त का नाय करत?" शिवानं विचारलं.

"मुद्दाम ठेवलंय तसंच," जगन म्हणाला. "लोकांना आठवण राहावी म्हणून."

शिवा त्या उघड्या खिडक्यांकडे बराच वेळ बघत उभा राहिला. जगन पाय हलवत होता, कोटाची कॉलर वर करत होता. "चला, भिजाल. आपल्याकडे नोव्हेंबरात हे असंच असतं."

आपल्याकडे म्हणजे कुठे, हे धर्मराजाला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं. त्यानं स्वतःची समजूत घातली की तीन वर्षं राहिला की माणूस असंच बोलायचा. बोलीसुद्धा बदललीच होती की. जगनच्या तोंडात हाय-नाय उरलं नव्हतं. शब्द असे नीट घडी घातलेले येत, जसे पनवेलच्या शाळेतले मास्तर बोलायचे.

कॉलेजची लाल विटांची इमारत दाखवताना मात्र जगन खुलला. कुठे बसून शिकतो, कुठल्या मोठ्या यंत्रावर काम करतो, कोणत्या प्राध्यापकानं वर्गात त्याचं नाव घेतलं, हे तो हात हलवून सांगत होता. हा आपला भाऊ, खाडीतला चिखल तुडवत शाळेत जाणारा, असा विचार येऊन धर्मराजाची छाती फुलली. वेणूही असंच म्हणायची. मिठाची पाटी डोक्यावर घेताना बायकांना सांगायची, माझा माणूस विलायतेत यंत्रं शिकतो. हे आठवलं आणि त्याला शिवाच्या तोंडाकडे बघवेना.

दुपारी ते बाजारात गेले. शिवानं एका दुकानासमोर मुद्दाम पाय रोवले. काचेत लोकरीच्या शाली आणि रुमाल मांडले होते.

"बायकांना काय न्यावं इथनं?" त्यानं विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"आत चला, मी घेऊन देतो," जगन म्हणाला. त्यानं आईसाठी राखाडी शाल निवडली, हाताला घासून पाहिली, दुसरी मागितली. हौसावहिनीसाठी गळ्याचा रुमाल. गुणाबाईसाठी पायमोजे घेताना तो हसला, त्या घालणार नाहीत म्हणाला, पण असू देत. शकूसाठी लाल फीत. दुकानातली बाई पुडकं बांधायला लागली. अजून काही, तिनं विचारलं असावं. जगननं नाही म्हणून मान हलवली.

धर्मराज काचेबाहेर बघत होता. सकाळपासून जगननं विचारू नये म्हणून तो देवाचं नाव घेत होता. त्या दुकानात पहिल्यांदा त्याला वाटलं, विचार बाबा. लाज वाटत असेल तर माझ्याकडे पाठ करून विचार, पण एकदा तरी तिचं नाव घे.

शिवा दुकानाबाहेर गेला.

जगनची खोली एका उतरत्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास. खोलीत पलंग, टेबल, पुस्तकं, गॅसची शेगडी. ते जरा टेकतात तोच दारावर टकटक झाली आणि तिशीच्या आतली एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली. तांबूस केस घट्ट बांधलेले, चेहरा थकलेला पण हसरा. ही आयरीन, जगन म्हणाला, इथल्या इस्पितळात नर्स आहे, याच घरात खालच्या मजल्यावर राहते.

आयरीननं दोघांना वाकून नमस्कार केला, हात जोडून, कोणीतरी शिकवल्यासारखा. चहा ओतताना तिला शिवाचा तळवा दिसला. दोरानं सोललेला होता, चार दिवस तसाच. ती खाली गेली, पाणी, कापूस, औषध घेऊन आली आणि जमिनीवर त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. शिवानं हात मागे ओढला, तिनं पुन्हा धरला. जखम धुताना ती काहीतरी पुटपुटत होती, लहान मुलाला समजवावं तसं. पट्टी बांधून झाल्यावर तिनं जगनला दोन वाक्यं सांगितली. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर विष भिनलं असतं म्हणते, जगननं सांगितलं.

शिवा त्या पट्टीकडे बघत राहिला.

"बाई मायेची हाय," तो म्हणाला. "अशी कोन त्या वेळेला पनवेलला असती तर..."

"कोणत्या वेळेला?" जगननं विचारलं.

शिवानं मान वर केली. हा प्रश्न त्या कराराला पुरतो की नाही, हे शिवा तोलत होता. त्याचे ओठ उघडले. पण धर्मराजच आधी बोलून गेला, की बोटीवरच्या एका खलाशाला सुट्टीत गावी पायाला लागलं होतं, त्याचं सांगतोय.

"बरा आहे ना आता?" जगन म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता कपात साखर घातली.

शिवा उठला. विडी ओढून येतो म्हणाला आणि जिना उतरून गेला. आयरीन कप गोळा करून त्याच्यामागोमाग खाली गेली. जाताना तिनं जगनच्या खांद्याला नुसता हात लावला. तेवढं धर्मराजाला पुरलं.

दार लागल्यावर जगन पलंगावरून उठून त्याच्यासमोर, खाली जमिनीवर येऊन बसला. लहानपणी काही हवं असलं की तो असाच येऊन बसायचा.

"दादूस, एक काम करशील? आयला मी सांगू शकत नाही. तू सांग."

"काय सांगू?"

"पंच बसवा आणि वेणूला मोकळी करा." जगन भराभर बोलायला लागला. त्याचं आणि आयरीनचं ठरलं होतं. वर्षभर झालं. तो इथेच नोकरी धरणार होता. वेणूचं वय अजून गेलेलं नाही, तिला दुसरं घर मिळेल. तिचा काही दोष नाही, हे तो पंचांसमोर लिहून द्यायला तयार होता. लग्न झालं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, त्याला कोणी विचारलं होतं का? "तिला वाट बघायला लावणं हे पाप आहे, दादूस. मी रोज तेच मनात घेऊन झोपतो. तिला एकदा मोकळं केलं की मलाही श्वास घेता येईल."

धर्मराजानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. आईला दिलेला शब्द त्याच्या मनात आला आणि त्यानं तो बाजूला केला.

"ती मोकळी झाली," तो म्हणाला. "वैशाखात. धनुर्वातानं गेली."

जगन त्याच्याकडे बघत राहिला. आधी त्याचे खांदे खाली आले. एखाद्यानं डोक्यावरची पाटी उतरवून घ्यावी तसे, अगदी हलके. धर्मराजानं ते पाहिलं. नंतर जगनचा चेहरा पिळवटला, त्यानं ओंजळीत तोंड लपवलं आणि तो रडायला लागला. ते रडणं खोटं नव्हतं. आपल्या भावाला धर्मराज ओळखत होता. पण आधी खांदे उतरले होते, आणि ते आपण पाहिलंय हे त्याला आता कधी विसरता येणार नव्हतं.

कशी गेली, कोण होतं जवळ, जगन हुंदक्यांतून विचारत होता. धर्मराजानं सांगितलं. मिठागराचं सांगितलं, पाठुंगळी नेलं ते सांगितलं. मला का नाही कळवलं, असं जगननं विचारलं तेव्हा त्यानं आईचं नाव घेतलं.

मग खालून जिन्यावर पावलं वाजायला लागली.

"ऐक," धर्मराज घाईनं म्हणाला. "तू विचारलंस आनि मी सांगितलं. तुझं ते पंचांचं बोलनं मी ऐकलंच नाय. शिवाला कळलं तर त्याचं काय होईल ते मला ठाव नाय."

जगननं तोंड पुसत मान डोलावली.

शिवा दारात आला. जगनचे डोळे त्यानं पाहिले, मग धर्मराजाकडे वळला.

"विचारलं?"

"विचारलं," धर्मराज म्हणाला.

शिवानं दोन पावलांत खोली ओलांडली आणि जगनला छातीशी धरलं. सहा महिने अडवून धरलेलं सगळं त्याच्या घशातून एकदम बाहेर आलं. जगन त्याच्या मिठीत ताठ उभा होता. शिवाच त्याची पाठ थोपटत होता, रडू नको म्हणत होता, तिला तुझ्यावर राग नव्हता, शेवटपर्यंत तुझंच नाव होतं तिच्या तोंडी. धर्मराजानं तिला पाठीवर नेलं होतं. दात वळल्यावर तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नव्हतं. पण बहीण बोलून गेली असं शिवाला हवं होतं, आणि ते हिरावून घ्यायचा धर्मराजाला अधिकार नव्हता.

धक्क्याकडे जाताना शिवा आणि जगन पुढे चालले, धर्मराज मागे. शिवा एकसारखा बोलत होता. वेणू लहानपणी कशी पोहायची, चिखलातले निवट्या मासे कसे पकडायची. चार वाजायच्या सुमाराला रस्त्यावरचे दिवे लागले होते. फेरीबोटीची शिट्टी झाली तेव्हा शिवानं जगनचे दोन्ही हात हातात घेतले.

"एक मनातलं सांगतो, भावोजी. आय पन तेच म्हनते. आपलं नातं तुटायला नको. वर्सश्राद्ध झालं की शकूला तुझ्या पदरात घालू. ती थांबंल तुझ्यासाठी, तुझं शिकून होईस्तोवर."

जगननं धर्मराजाकडे पाहिलं. धर्मराजही त्याच्याकडेच बघत होता. आता बोल, त्याच्या मनात आलं. एवढं एक तू बोल.

"बघू," जगन म्हणाला. त्याची नजर पाण्यावर गेली. "आय म्हणेल तसं."

फळी उचलली, फेरीबोट सुटली. धक्क्यावरचा काळा कोट हात हलवत लहान होत गेला. शिवानंही हात हलवला. त्याचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. विलायतेत राहून पोरगा बदलला नाय, तो म्हणाला, आपल्याला उगाच शंका आलेली.

धर्मराजाच्या डोळ्यांसमोर जासईचं घर आलं. ओटीवर शकू बसलेली, कोणी पत्र घेऊन येतंय का बघत. वर्ष, दोन वर्षं, मग किती. जगन नाही म्हणणार नाही, सोनाबाई हो म्हणेल, आणि आयरीनचं नाव घरात निघेपर्यंत पोरीचा मांडवही उभा राहिलेला असेल.

"शिवा," तो म्हणाला, "शकूला आमच्या घरात देऊ नको."

शिवा हसत वळला आणि त्याला बघून थांबला. इंजिनाची घरघर पायांखाली चालू होती.

"त्यानं विचारलं नव्हतं," तो शेवटी म्हणाला.

"नाय."

"मग काय बोलला?"

धर्मराजानं सांगितलं. पंच बसवायचे, मोकळी करायची, सगळं. आयरीनचंही सांगितलं. शिवा कठड्याला धरून उभा होता. धर्मराजाला वाटलं तो मारेल, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी त्याला मिठी मारली," शिवा म्हणाला. "तू बघत होतास."

"व्हय."

"माझ्या आयला हे तू सांगायचं. तिच्या तोंडावर. मी नाय सांगनार."

त्याच संध्याकाळी शिवानं खलाशांच्या मुकादमाला, सारंगाला, सांगून आपली पाळी बदलून घेतली आणि वळकटी उचलून दुसऱ्या टोकाला नेली. सुएझ, एडन, मुंबई. सबंध वाटेत ते दोघे दोराच्या कामापुरतंच बोलले.

बोटीवरून उतरून भाऊच्या धक्क्यावर आल्यावर धर्मराज पनवेलकडे आपल्या घरी गेला नाही. सोनाबाई वाट बघत असेल, त्याच्या बायकोनं, हौसानं, मुलांना आज बाबा येणार सांगितलं असेल, हे ठाऊक असून तो उरणच्या लाँचमध्ये शिवाच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. मोरा बंदरात उतरल्यावरही तो मागेच चालला. जासईच्या शिवारात भात कापून झालं होतं. शिवानं एकदाही वळून पाहिलं नाही.

गुणाबाई अंगणात सुकत घातलेली मासळी चाळत होती. पोराला आणि त्याच्यामागे वेणूच्या थोरल्या दिराला येताना बघून तिनं पदर सावरला. दमून आलात, बसा म्हणाली, आणि आत हाक मारली. शिवा ओटीच्या खांबाला टेकून बाजूला उभा राहिला.

शकू तांब्या-भांडं घेऊन बाहेर आली. सोळाची पोर, नुकतीच उंच झालेली, वेणूसारखीच मान तिरकी करून चालणारी. तिनं भांड्यात पाणी ओतून धर्मराजापुढे धरलं. लांबून आलेल्या माणसाकडे आपल्यासाठी चांगली बातमी आहे की काय, असं काहीसं तिच्या डोळ्यांत होतं.

चालून चालून धर्मराजाला तहान लागली होती. त्यानं हात पुढे केला नाही.

"आधी बोलतो, मावशी," तो म्हणाला. "मग तुमाला वाटलं, तर पानी द्या."